केडीई ४.० : एका क्रमांकावर दोन वचनांचे ओझे

११ जानेवारी २००८ रोजी केडीई या, लिनक्ससाठी डेस्कटॉप (म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, पट्ट्या आणि रोजचे प्रोग्राम यांचा संच) बनवणाऱ्या प्रकल्पाने आपली ४.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली आणि त्यानंतर जवळपास वर्षभर या प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांना एकाच प्रश्नाची उत्तरे देत बसावे लागले: जे अजून तयार नव्हते, त्याला ४.० का म्हटले? लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये या प्रसंगाचा उल्लेख आजही होतो आणि बहुधा ‘घाईने बाहेर काढलेले अर्धवट सॉफ्टवेअर’ एवढ्या शब्दांत तो उरकला जातो. हे वर्णन खोटे नसले तरी अपुरे आहे. सॉफ्टवेअर अपूर्ण असल्याचे प्रकल्पातल्या सर्वांना ठाऊक होते, ते त्यांनी लपवलेही नव्हते आणि त्या अवस्थेतच ते प्रसिद्ध करण्यामागे त्यांचे एक विचारपूर्वक ठरवलेले कारण होते. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा घोळ नावात होता. तोच क्रमांक प्रोग्रामरांना एक वचन देत होता आणि रोजच्या वापरकर्त्याला दुसरेच वचन दिल्यासारखे वाटत होते. यांपैकी पहिले वचन पाळले गेले. दुसरे मुळात दिलेलेच नव्हते, पण ते मोडल्याचा राग मात्र सर्वांनी सोसला.

क्रमांकांनी लावलेली सवय

केडीईची सुरुवात ऑक्टोबर १९९६ मध्ये झाली. १.० ही आवृत्ती जुलै १९९८ मध्ये, २.० ऑक्टोबर २००० मध्ये आणि ३.० एप्रिल २००२ मध्ये आली. यांपैकी २.० च्या वेळी बरेच काही नव्याने लिहिले गेले होते, परंतु तेव्हाचा वापरकर्ता स्वतःच निम्मा तंत्रज्ञ असे आणि अडचणी गृहीत धरूनच तो लिनक्सकडे येत असे. पुढच्या घटनांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती ३.०. ज्या क्यूटी नावाच्या साधनसंचावर केडीई उभे आहे, त्याच्या दुसऱ्या पिढीवरून तिसऱ्या पिढीवर जाणे हे ३.० चे मुख्य काम होते. २.२ नंतर अवघ्या आठ महिन्यांत ती आली आणि वापरकर्त्याच्या पडद्यावर फारशी उलथापालथ न होता स्थिरावली. त्यामुळे पहिला आकडा बदलला तरी आपले काम अडत नाही, उलट थोडे सुधारतेच, असा अनुभव लोकांच्या गाठीशी बांधला गेला.

नोव्हेंबर २००५ मध्ये ३.५ आली आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ ३.५.१, ३.५.२ अशा मुख्यतः दुरुस्त्यांच्या आवृत्त्या येत राहिल्या. या काळात ३.५ इतकी घासूनपुसून निघाली की तिच्यात तक्रारीला फारशी जागा उरली नाही. दुसरीकडे नव्या पिढीची चित्रे, ऑक्सिजन नावाची नवी चिन्हमाला, पडद्यावर कोठेही ठेवता येणारी छोटी ‘प्लाझ्मॉइड’ साधने यांचा गाजावाजा चालू होता. म्हणजे हातात असलेली आवृत्ती जवळजवळ निर्दोष, पुढची आवृत्ती तिच्याहून सुंदर असल्याचा बोलबाला आणि आधीच्या पहिल्या आकड्याच्या बदलाची आठवण सुखद, अशी ही स्थिती होती. नव्या आवृत्तीविषयीची अपेक्षा याहून उंच जाणे अवघड होते.

४.० हा क्रमांक कोणासाठी होता

क्यूटीची चौथी पिढी जून २००५ मध्ये आली होती. तिच्यावर जाताना केवळ कोड हलवण्यावर न थांबता पायाच नव्याने घालावा, असे केडीईने ठरवले. आवाज आणि चित्रफितींसाठी फोनॉन, यंत्रातील उपकरणे ओळखण्यासाठी सॉलिड, पॅनेल (पडद्याच्या कडेची पट्टी) आणि डेस्कटॉपसाठी प्लाझ्मा असे नवे थर लिहिले गेले. जुन्या रचनेत पॅनेल आणि डेस्कटॉपची पार्श्वभूमी हे दोन वेगळे प्रोग्राम होते. प्लाझ्माने त्या दोहोंची जागा घेतली. यातले बहुतेक काम स्वयंसेवकांचे होते.

या कामात एक कोंडी होती आणि ती समजून घेतल्याशिवाय ४.० चा निर्णय समजत नाही. केडीईच्या शिस्तीनुसार एका पिढीची पायाभूत लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम ज्यावर बांधले जातात तो तयार कोड, एकदा प्रसिद्ध झाली की त्या पिढीच्या अखेरपर्यंत तिची द्विमान सुसंगतता राखली जाते. म्हणजे ४.० वर बांधलेला प्रोग्राम ४.१ वर, ४.५ वर किंवा त्याच्याही पुढे पुन्हा न बांधता चालला पाहिजे. एकदा जगापुढे ठेवलेले फंक्शन मध्येच काढता येत नाही. बाहेरचे प्रोग्रामर याच हमीची वाट पाहत होते. संगीत वाजवणारा किंवा छायाचित्रे लावणारा मोठा प्रोग्राम नव्या लायब्ररीवर नेण्यासाठी महिनोन्‌महिने लागतात आणि खालची लायब्ररी रोज बदलत असताना ते काम कोणी सुरू करीत नाही. आणि जोवर असे प्रोग्राम नव्या लायब्ररीवर येत नाहीत, तोवर तिच्यातले दोष उघडकीला येत नाहीत. बीटा, म्हणजे चाचणीच्या, आवृत्त्या कितीही काढल्या तरी हे चक्र सुटत नव्हते, कारण बीटा म्हणजे अजून बदलणार असलेली वस्तू आणि नेमके बदलणार नाही हेच प्रोग्रामरला ऐकायचे होते. ४.० हा क्रमांक त्याला ते सांगत होता.

प्रकल्पाच्या स्वतःच्या क्रमांकांच्या पट्टीवर हा प्रवास स्पष्ट दिसतो. मे २००७ मधील पहिल्या अल्फाचा, म्हणजे बीटाच्याही आधीच्या कच्च्या आवृत्तीचा, अंतर्गत क्रमांक ३.९०.१ होता, ऑगस्टमधील पहिल्या बीटाचा ३.९२ आणि डिसेंबरमधील दुसऱ्या रिलीज कँडिडेटचा, म्हणजे अंतिम होण्याच्या उंबरठ्यावरच्या आवृत्तीचा, ३.९७. प्रसिद्धीची तारीख ऑक्टोबर २००७ ची होती; ती डिसेंबरमध्ये आणि शेवटी जानेवारीत गेली. पट्टीवर ३.९८ आणि ३.९९ अजून मोकळे होते, हे नंतर अनेकांनी बोलून दाखवले.

या पट्टीवरचा एक टप्पा मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. ३० ऑक्टोबर २००७ रोजी प्रकल्पाने एकाच दिवशी दोन वस्तू दोन वेगवेगळ्या पदव्या देऊन बाहेर ठेवल्या: डेस्कटॉपची चौथी बीटा आणि ‘डेव्हलपमेंट प्लॅटफॉर्म’चा, म्हणजे लायब्ररींच्या पायाचा, पहिला रिलीज कँडिडेट. पाया आणि वरचे दालन समान वेगाने तयार होत नाहीत, हे प्रकल्पाला कळलेले होते आणि त्या दिवशी ते नावांतही उतरले होते. इमारतीचा सांगाडा पूर्ण झाल्याचा दाखला आणि राहायला येण्यासाठीचे भोगवटा प्रमाणपत्र हे दोन कागद वेगळे असतात, तसाच हा प्रकार होता. अडीच महिन्यांनी अंतिम आवृत्ती प्रसिद्ध करताना मात्र दोन्ही कागद एक करून त्यावर ४.० असा एकच शिक्का मारला गेला. या संपूर्ण प्रकरणातला निर्णायक क्षण मला जानेवारीपेक्षा इथे दिसतो, कारण योग्य नाव हाताशी असताना ते सोडून दिले गेले.

वापरकर्त्याला काय दिसले

११ जानेवारीनंतर ज्याने ४.० चालू केली, त्याला पडद्याच्या तळाशी एक जाडजूड पॅनेल दिसले आणि त्याची उंची कमी करण्याची सोय कोठेच सापडली नाही. ते पॅनेल आपोआप लपवण्याची, ३.५ मध्ये वर्षानुवर्षे असलेली सोयही नव्हती. वरच्या उजव्या कोपऱ्यात एक लहान वळणदार आकृती होती, जिला लोकांनी काजू असे नाव पाडले. ती काढून टाकता येत नव्हती आणि तिच्यावरून झालेले वाद तिच्या आकाराच्या मानाने प्रचंड होते. छपाईची केडीईची जुनी व्यवस्था नव्या पायावर आलेली नव्हती, त्यामुळे क्यूटीच्या साध्या चौकटीवर भागवावे लागे. ईमेल, दिनदर्शिका आणि पत्त्यांची वही यांचा संच तर ४.० मध्ये नव्हताच, त्यासाठी ३.५ चेच प्रोग्राम वापरायचे होते. काही ग्राफिक्स कार्डांवर, विशेषतः एनव्हिडियाच्या तेव्हाच्या ड्रायव्हरांसह, खिडक्या हलवतानाही पडदा अडखळत असे.

तरीही ४.० मधले सगळेच कच्चे होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. डॉल्फिन हा फाइल व्यवस्थापक आणि ओक्युलर हा दस्तऐवज वाचण्याचा प्रोग्राम यांचे स्वागतच झाले. शैक्षणिक प्रोग्रामांतला मार्बल हा पृथ्वीगोल आणि नव्या चित्रांनी सजवलेले खेळ हेही नीट चालत होते. पायाभूत लायब्ररीने आपले वचन तर पुढे वर्षानुवर्षे पाळले. कच्चा होता तो प्रामुख्याने प्लाझ्मा, म्हणजे संगणक सुरू केल्याबरोबर डोळ्यांसमोर येणारा आणि दिवसभर समोर राहणारा भाग.

इथे एक तांत्रिक तपशील प्रकरणाच्या गाभ्याला भिडतो. सुसंगततेची जी हमी ४.० या क्रमांकात सामावलेली होती, ती प्लाझ्माच्या लायब्ररीला लागू नव्हती. ती लायब्ररी पायाभूत संचात समाविष्ट झाली ती ४.२ च्या वेळी. मधल्या काळात, मे २००८ मध्ये आलेल्या क्यूटी ४.४ च्या नव्या सोयींवर प्लाझ्मा पुन्हा उभारला गेला आणि ४.० साठी लिहिलेली प्लाझ्मॉइड साधने ४.१ वर बदलून घ्यावी लागली. म्हणजे वापरकर्त्याला जो भाग सर्वाधिक दिसत होता, त्याच भागापुरते ४.० या क्रमांकात प्रोग्रामरलाही काही वचन नव्हते. प्लाझ्मावर त्या दिवशी ४.० असे लिहिण्याला कोणाच्याच बाजूने आधार नव्हता.

इशारे दिले होते, पण कोठे

प्रकल्पाच्या मंडळींनी सूचना दिली नव्हती, हा आरोप टिकत नाही. प्रसिद्धीच्या आधीच्या दिवसांत ‘केडीई ४.० म्हणजे केडीई ४ नव्हे, तर वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेतील ती केवळ पहिली आवृत्ती आहे’, अशा आशयाचे लेखन प्रकल्पाशी संबंधित प्रोग्रामरांनी केले होते. प्लाझ्माचे प्रमुख आरोन सेइगो यांनी तर, ही आवृत्ती तुमची मुलेबाळे खाऊन टाकील आणि तिला ३.५ ची पुढची आवृत्ती समजू नका, असे आपल्या तिरकस शैलीत बजावले होते. यापेक्षा उघड इशारा क्वचितच कोणत्या प्रकल्पाने आपल्याच सॉफ्टवेअरविषयी दिला असेल.

अधिकृत घोषणेचा सूर मात्र वेगळा होता. एका दीर्घ विकासपर्वाचा शेवट आणि केडीई ४ च्या युगाचा प्रारंभ, अशी त्या दिवसाची ओळख तिने करून दिली. पाठोपाठ १७ ते १९ जानेवारीदरम्यान कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे गूगलच्या मुख्यालयात प्रसिद्धीचा सोहळा झाला. वर्षे खपून एखादे काम पूर्ण केलेल्या स्वयंसेवकांनी आनंद साजरा करू नये, असे कोण म्हणेल? पण वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर त्याच आठवड्यात एका आवाजात ‘युगारंभ’ आणि दुसऱ्या आवाजात ‘जपून राहा’ असे ऐकू येत होते आणि त्यातला पहिला आवाज मोठा होता.

याहूनही मोठी अडचण इशाऱ्याच्या स्थानाची होती. लिनक्सवरचा सामान्य वापरकर्ता डेस्कटॉप थेट प्रकल्पाकडून घेत नाही. तो फेडोरा, कुबुंटू, ओपनसुसे, डेबियन अशा एखाद्या वितरणाकडून, म्हणजे लिनक्स आणि त्यावरचे सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणाऱ्या प्रकल्पाकडून, घेतो. वितरणाच्या पॅकेज-सूचीत प्रत्येक सॉफ्टवेअरची ओळख तीन गोष्टींत संपते: नाव, क्रमांक आणि एका ओळीचे वर्णन. लेखकाने कोठे काय स्पष्टीकरण दिले, ते त्या सूचीत येत नाही. प्रोग्रामरच्या टेबलापासून वापरकर्त्याच्या पडद्यापर्यंतचा सगळा प्रवास करते ते फक्त नाव आणि क्रमांक. त्यातही ‘४.० म्हणजे ४ नव्हे’ हे वाक्य वाचणाऱ्याला नावाचा सरळ अर्थ बाजूला ठेवायला सांगते. जे नाव समजावून सांगण्यासाठी त्याच्याच विरुद्ध बोलावे लागते, ते नाव लिहिणाऱ्यापासून दूर गेले की केवळ सरळ अर्थाने वाचले जाते.

वितरणांनी काय केले

चार वितरणांनी चार मार्ग धरले. एप्रिल २००८ मधील कुबुंटू ८.०४ ने ३.५ असलेली नेहमीची सीडी कायम ठेवली आणि केडीई ४ साठी ‘रिमिक्स’ या नावाने वेगळी सीडी काढली. कुबुंटू ज्यावर बेतलेले आहे ती, त्याच वेळी आलेली उबुंटू ८.०४ दीर्घकालीन आधाराची, म्हणजे वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळणारी, होती, पण कुबुंटूने ८.०४ साठी तसे आश्वासन देणे टाळले. केडीईच्या दोन पिढ्यांच्या मधोमध उभे असताना तीन वर्षांचे वचन देणे शहाणपणाचे नव्हतेच. जूनमधील ओपनसुसे ११.० ने ४.० आणि ३.५ दोन्ही दिल्या आणि निवड वापरकर्त्यावर सोपवली. डेबियनने फेब्रुवारी २००९ मध्ये आपली ५.० ही स्थिर आवृत्ती काढली, तीही ३.५.१० घेऊनच.

फेडोरा ९ ने मे २००८ मध्ये ३.५ चा डेस्कटॉप काढून टाकला आणि केवळ ४.० दिला. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून तिसऱ्या पिढीच्या लायब्ररी ठेवल्या होत्या, पण परतीची वाट बंद केली होती. नवे तंत्रज्ञान सर्वांच्या आधी आणणे हे फेडोराचे जाहीर धोरण होते आणि दोन पूर्ण डेस्कटॉप सांभाळण्याचा भार मोजक्या स्वयंसेवकांवर पडणार होता, ही दोन्ही कारणे समजण्यासारखी आहेत. परिणाम मात्र असा झाला की, ज्याने नेहमीप्रमाणे आपली प्रणाली अद्ययावत केली, त्याला मागितल्याशिवाय ४.० मिळाली.

अशा वापरकर्त्यांत लिनक्स कर्नलचे, म्हणजे या प्रणालीच्या गाभ्याचे, जनक लिनस टॉरवाल्ड्स होते. जानेवारी २००९ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की, आपण केडीई वापरत होतो, पण ४.० हे संकट वाटल्याने ग्नोम या लिनक्सवरच्या दुसऱ्या डेस्कटॉपकडे गेलो. बदलामागची कारणे आपल्याला कळतात, पण तो वाईट रीतीने केला गेला, असे त्यांचे म्हणणे होते आणि तो आपल्यापर्यंत फेडोराच्या अद्ययावतीकरणातून पोहोचला, हेही त्यांनी नोंदवले. काही वर्षांपूर्वी ग्नोमवर कडक टीका करून लोकांना केडीईची शिफारस करणारे टॉरवाल्ड्सच होते. एवढ्या जाणकार माणसापर्यंतही क्रमांकच आधी पोहोचला.

दोष वितरणांचा, असे केडीईच्या बाजूने तेव्हा बरेच म्हटले गेले. त्यात तथ्य आहे, पण मर्यादित. मूळ प्रकल्पच एखाद्या आवृत्तीला अंतिम म्हणून प्रसिद्ध करतो, तिच्या नावापुढे कोणतेही विशेषण लावत नाही आणि आधीच्या पिढीत नवे काम थांबवतो, तेव्हा पॅकेज बांधणाऱ्याने ते नाव प्रमाण मानले तर त्याला फार दोष देता येत नाही.

ऑगस्ट ते जानेवारी

२९ जुलै २००८ रोजी ४.१ आली. ईमेलचा संच परत आला, पॅनेलची उंची बदलता येऊ लागली आणि डेस्कटॉपवर एखादा फोल्डर उघडा ठेवण्याची ‘फोल्डर व्ह्यू’ ही सोय मिळाली. नवे लवकर स्वीकारणाऱ्यांना योग्य अशी ही पहिली आवृत्ती, अशी तिची ओळख करून देण्यात आली. २७ जानेवारी २००९ रोजी आलेल्या ४.२ च्या वेळी, आता ही बहुसंख्य वापरकर्त्यांसाठी आहे, असे प्रकल्पाने सांगितले. या दोन वाक्यांचा हिशेब मागे लावला की ४.० कोणासाठी होती, ते आपोआप स्पष्ट होते: हौशी वापरकर्त्यांसाठीही नव्हती. हेच वाक्य सहा महिने आधी, तितक्याच अधिकृत जागी आणि तितक्याच स्पष्टपणे लिहिता आले असते.

या कालखंडातली दुसरी बाब फारशी कोणी उचललेली दिसत नाही. ३.५ च्या मालिकेतली शेवटची आवृत्ती, ३.५.१०, २६ ऑगस्ट २००८ रोजी आली. म्हणजे त्या ऑगस्टपासून पुढच्या जानेवारीपर्यंत, पाच महिने, प्रकल्पाकडे अशी एकही आवृत्ती नव्हती, जी त्याच्याच शब्दांत बहुसंख्यांना योग्य आहे आणि जिच्यात यापुढेही दुरुस्त्या येत राहणार आहेत. वितरणांनी आपापल्या परीने ३.५ चालू ठेवली, ही गोष्ट वेगळी. वापरकर्त्याची अपेक्षा नव्या नावावर जेवढी अवलंबून असते, तेवढीच ती जुने नाव किती काळ जिवंत राहील यावरही असते. ‘४.० कच्ची आहे, तोवर ३.५ वापरा’ हा सल्ला चांगला होता, पण ३.५ च्या आयुष्याला जाहीर तारीख नसल्याने त्यावर विसंबणाऱ्याच्या पायाखाली भक्कम जमीन नव्हती. काहींनी ती स्वतःच तयार केली: ट्रिनिटी या नावाने ३.५ चा कोड पुढे चालवणारा स्वतंत्र प्रकल्प २०१० मध्ये उभा राहिला आणि तो अजून चालू आहे.

दुसरे कोणते नाव देता आले असते

३.९८, ३.९९ असे पुढे जात राहावे, ही सर्वाधिक सुचवली गेलेली वाट. तिने वापरकर्त्याचा राग टळला असता यात शंका नाही, परंतु वर सांगितलेली कोंडी तशीच राहिली असती. बाहेरच्या प्रोग्रामरांना हवी असलेली हमी ३.९८ देऊ शकत नव्हती आणि थकलेल्या स्वयंसेवकांना आणखी एक वर्ष ‘जवळजवळ झाले’ असे सांगत राहणे अवघड होते. दुसरी सूचना ‘४.० डेव्हलपर आवृत्ती’ अशा विशेषणाची. विशेषण पॅकेजच्या क्रमांकात मावत नाही आणि बातमीत सर्वात आधी तेच गळते, त्यामुळे ती फार उपयोगी पडली असती असे वाटत नाही. उरते ती ३० ऑक्टोबरला प्रत्यक्ष वापरलेली पद्धत: लायब्ररींना ४.०, तयार असलेल्या प्रोग्रामांना त्यांचे त्यांचे क्रमांक आणि प्लाझ्माला ०.९ किंवा तत्सम काही. यामुळे डेस्कटॉपला पूर्ण आकडा मिळायला वर्षभर उशीर झाला असता, पण कोणालाच खोटी अपेक्षा बाळगावी लागली नसती.

इतर प्रकल्पांनी पुढच्या काळात हाच प्रश्न आपापल्या रीतीने सोडवला. जुलै २०११ मध्ये कर्नलचा क्रमांक २.६.३९ वरून ३.० वर नेताना टॉरवाल्ड्स यांनी, यात विशेष काही बदललेले नाही, आकडे फार लांबले म्हणून हा बदल आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले आणि तेव्हापासून कर्नलच्या पहिल्या आकड्यातून अर्थच काढून घेतला. ग्नोमने मार्च २०२१ मध्ये ३.३८ नंतर थेट ४० हा क्रमांक घेतला. ४.० म्हटले की ३.० च्या वेळी झालेल्या उलथापालथीची भीती लोकांच्या मनात जागी होईल आणि त्याच सुमारास आलेल्या जीटीके ४ या साधनसंचाशीही गल्लत होईल, अशी त्यामागची भूमिका होती.

केडीईने स्वतः काय बदलले

केडीईचा पहिला उपाय नोव्हेंबर २००९ मध्ये आला. ‘केडीई’ हे यापुढे समुदायाचे नाव राहील आणि सहा महिन्यांनी येणाऱ्या संचाला ‘केडीई सॉफ्टवेअर कंपायलेशन’ म्हटले जाईल, असे ठरले. फेब्रुवारी २०१० मधील ४.४ पासून हे नाव लागले. निदान अचूक होते, औषध बेचव होते. वापरकर्ते केडीईला केडीईच म्हणत राहिले आणि लायब्ररी, डेस्कटॉप, प्रोग्राम हे तिन्ही भाग एकाच क्रमांकाच्या दोरीने बांधलेलेच राहिले. हे नाव फारसे कोणाच्या तोंडी बसले नाही.

दोरी सुटली ती २०१४ मध्ये. ७ जुलैला फ्रेमवर्क्स ५ ही लायब्ररींची पिढी आली, १५ जुलैला प्लाझ्मा ५ हा डेस्कटॉप आला आणि डिसेंबरमध्ये प्रोग्रामांचा संच १४.१२ या, वर्ष आणि महिना दाखवणाऱ्या क्रमांकाने आला. तिघांच्या तारखा वेगळ्या, गती वेगळी आणि क्रमांकही वेगळे. प्रोग्रामांच्या क्रमांकात तर परिपक्वतेचा दावाच उरला नाही, फक्त तारीख उरली. दुसरा, तितकाच मोलाचा फरक जुन्या पिढीच्या बाबतीत होता: ऑगस्ट २०१३ मध्ये प्लाझ्माची ४.११ ही आवृत्ती काढतानाच, हिला दोन वर्षे दुरुस्त्या मिळत राहतील, असे आधीच जाहीर केले होते. त्यामुळे प्लाझ्मा ५.० आली तेव्हा कोणालाही धावत तिच्याकडे जावे लागले नाही. कुबुंटू १४.१० ने नेहमीची आवृत्ती जुन्या प्लाझ्मावर ठेवली, प्लाझ्मा ५ ची चाचणी-आवृत्ती वेगळी दिली आणि पूर्ण बदल १५.०४ मध्ये केला. फेडोरा मे २०१५ मध्ये, २२ व्या आवृत्तीत, तिकडे वळली. प्लाझ्मा ५.० मध्येही उणिवा होत्या आणि लोकांनी कुरकुरही केली, पण २००८ ची पुनरावृत्ती झाली नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्लाझ्मा ६, फ्रेमवर्क्स ६ आणि प्रोग्रामांचा २४.०२ हा संच असे तिन्ही भाग केडीईने पुन्हा एकाच दिवशी, ‘मेगारिलीज’ या सामायिक नावाखाली काढले. क्यूटी ६ वर सगळ्यांना एकदम जायचे असल्याने हे तांत्रिकदृष्ट्या सोयीचे होते, पण दहा वर्षे वेगळी ठेवलेली नावे एका दिवसापुरती का होईना, पुन्हा एकत्र आली आणि अनेक बातम्यांतून ‘केडीई ६’ हे अस्तित्वात नसलेले नाव लगेच फिरू लागले. वितरणांनी मात्र २००८ चा धडा गिरवलेला होता. फेडोरा ४० ने एप्रिलमध्येच प्लाझ्मा ६ घेतला आणि त्याच आठवड्यात आलेल्या कुबुंटू २४.०४ ने, दीर्घकालीन आधाराचे वचन या वेळी द्यायचेच असल्यामुळे, ५.२७ वरच थांबणे पसंत केले.